तीन नंबरची जाळी

माझं तोंड फाटकं, हे कन्नड मुलखातल्या आमच्या अख्ख्या राजाजीनगरला ठाऊक. कुणी एक बोललं तर मी चार ऐकवतो. तोच मी, विठोजी फिटर, एकसष्ट सालच्या दसऱ्यानंतर चार दिवस मिठाची गुळणी धरून बसलो होतो. का, ते सांगतो.

आमचा कारखाना पत्र्याचे डबे बनवायचा. पत्रा कापायच्या चार प्रेस होत्या, आणि प्रत्येकीच्या तोंडावर लोखंडी जाळी, कामगाराचा हात आत जाऊ नये म्हणून. आयुधपूजेला आम्ही त्या जाळ्या काढून ठेवायचो. आतल्या लोखंडाला हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. जाळीवरून कसली पूजा? काढायचं आणि परत बसवायचं काम माझ्याकडे. मी लागलो तेव्हापासूनचा हा रिवाज, साहेबसुद्धा बूट काढून आरतीला उभे राहायचे.

त्या वर्षी पूजा झाली, कोहळा फुटला, दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुटी. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तीन जाळ्या बसवल्या. तीन नंबरच्या प्रेसवर माळ नेमकी जाळीच्या बोल्टांना गुंडाळलेली, आणि फुलं अजून टवटवीत. देवीची ताजी माळ आपल्या हातानं तोडायची? माझा हात होईना. स्वल्प सुकू दे, दुपारी बसवू म्हटलं आणि बॉयलरकडून हाक आली म्हणून निघून गेलो. कुणाला सांगितलं नाही, मशीनची वीज तोडली नाही, काही नाही.

त्या मशीनवर देवाप्पा असायचा. निपाणीकडचा, तिशीचा माणूस, गावी एकटी आई, अंबूबाई. नोकरीला सहा महिने झालेले, अजून कायम झाला नव्हता. मला अण्णा म्हणायचा.

दहाच्या सुमारास किंकाळी ऐकली. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं चेंगरली होती. मीच फडक्यात हात गुंडाळला, मीच त्याला गाडीत बसवलं. तेवढ्यात फोरमननं अपघाताचा कागद भरला, इंग्रजीत, आणि गाडीतच देवाप्पाच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. त्यात काय लिहिलंय ते मला संध्याकाळी कळलं: कामगारानं जाळी स्वतः काढली. म्हणजे बोटं बरी झाली की देवाप्पाला घरचा रस्ता.

खात्यात सगळ्यांना खरं माहीत होतं, पण सगळे गप्प. पूजेचं नाव निघालं तर वरचे लोक पूजाच बंद करतील, असं जो तो म्हणायचा. मीही म्हणायचो. पण खरं सांगू? मला पूजेची नव्हे, माझ्या नोकरीची भीती होती. एकोणीस वर्षांची नोकरी, घरी तीन पोरी. लाज वाटत होती आणि ती लाज मी दुसऱ्यांवर काढत होतो. अपघाताच्या चौथ्या दिवशी रात्री सारात मीठ नाही म्हणून राजलक्ष्मीवर ओरडलो. मीठ होतं. बायकोच ती, तिनं खोदून खोदून विचारलं आणि मी सगळं ओकलो. मग कारखान्यात जाऊन बोला, आमच्यावर कशाला ओरडता, एवढंच म्हणाली आणि पानं उचलून निघून गेली.

पाचव्या दिवशी सरकारी इन्स्पेक्टर आले. भीमाचार्य त्यांचं नाव, कपाळाला गंध, आवाज हळू. तीन नंबर तशीच बंद ठेवलेली होती. त्यांनी चष्मा लावला, वाकून बोल्टांच्या आट्यांवरून बोट फिरवलं आणि बोट वर धरलं. कुंकू. फोरमनला विचारलं, पूजा कधी झाली? मग कागद पुढे धरून म्हणाले, या माणसानं जाळी काढली म्हणता, म्हणजे पूजेनंतर ती परत बसली होती; मग नट आवळल्यावर आट्यांतलं हे कुंकू पुसलं कसं नाही? भीमाचार्य आमच्याकडं वळले आणि कन्नडात म्हणाले, "ही जाळी कुणी काढली?"

"मी काढली, सामी," मी म्हटलं. "परत बसवायचं कामही माझंच होतं. देवाप्पानं काही केलं नाही."

एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर मी थांबतोय कुठला? माळ, बॉयलर, चार दिवसांचं गप्प बसणं, सगळं सांगितलं. मग त्यांनी मला असं झापलं की तसं माझ्या बापानंही झापलं नव्हतं. पण माझ्यापेक्षा साहेबांना जास्त ऐकवलं: जाळी नसताना मशीन चालूच कशी होते, सकाळी तपासणारा माणूस का नव्हता? पूजा खुशाल करा, पण चारी जाळ्या बसेपर्यंत मेन स्विचला कुलूप. जुना कागद रद्द करून त्यांनी माझ्यासमोर नवा लिहिला, कन्नडात, आणि मला मोठ्यानं वाचायला लावला. कामगाराची चूक नाही. मला लेखी ताकीद मिळाली. नोकरी राहिली, दोघांचीही. मळ्यातून पोतं वाहून आणून ओसरीवर टाकावं, तसा मी मोकळा झालो. सुटलो रे देवा, म्हटलं, आणि तडक इस्पितळ गाठलं.

देवाप्पा खाटेवर बसला होता. डॉक्टरांनी बोटं राखली होती, नखं मात्र गेली. मी उभ्या उभ्याच माझं पाप सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "अण्णा, कागदावर लिहिलं होतं म्हणून मला वाटायला लागलं, माझ्याच हातून काहीतरी झालं असेल. म्हणून आईला कळवलं नाही."

मी पुन्हा सांगितलं, तुझी चूक नव्हती. त्यानं ते मला तीनदा म्हणायला लावलं. मग उशीखालून एक कोरं पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं. गावी मास्तर आईला वाचून दाखवतील म्हणाला.

मी विचारलं, काय लिहू? बोटांचं आधी लिहू?

"नाही," तो म्हणाला. "आधी माझी चूक नव्हती असं लिहा. बोटांचं मग."

तसंच लिहिलं. आणि त्यानं न सांगता मी खाली माझी एक ओळ घातली, अंबूबाईंना नमस्कार, चूक माझी होती, आणि पूर्ण नावानिशी सही केली.