सामाईक विहिरीचा खाना

प्रसेनजितला आपल्या हुशारीचा जरा जास्तच भरवसा होता. धाराशिवच्या एका संस्थेत तो गावोगावच्या पाण्याचे नकाशे काढायचा. वाशी तालुक्यातल्या एका गावाच्या एक्सेलनं तर सगळ्यांना घाम फोडला होता. कॉम्प्युटरनं १२/२ हा गट नंबर बारा फेब्रुवारी करून टाकला होता, आणि नकाशातलं निम्मं शिवार गायब. प्रसेनजितनं तो रकाना टेक्स्ट केला, नंबर पुन्हा भरले, फाइल नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये परत इम्पोर्ट केली आणि गाव जागेवर आणलं. साहेबांनी पाठ थोपटली. मग काय, गड्याला स्वर्ग दोन बोटं उरला.

त्याच तोऱ्यात असताना स्क्रीनवर आणखी एक सूचना आली होती: विहिरीच्या रकान्यात काही ओळी रिकाम्या आहेत. रिकामी म्हणजे विहीर नाही, असं मनाशीच ठरवून त्यानं 'ओके' दाबलं. ओलिताखालचे गट निळे झाले, कोरडवाहू पिवळे.

ग्रामसभेत नकाशा शाळेच्या भिंतीवर लागला. जो तो आपलं रान शोधू लागला. तेवढ्यात कस्तुराबाई उठल्या. नवरा गेल्यापासून त्यांचे थोरले दीर महारुद्र सामाईक विहिरीवर त्यांना पाण्याची पाळी देईनात. पंचांनी मध्ये पडून कशीबशी ती मिळवून दिली होती.

"लेकरा, माझं रान पिवळं का रं? आमची विहीर सामाईक हाय की."

भरसभेत कुणी आपल्या कामाला नाव ठेवावं, हे प्रसेनजितला झोंबलं. "काकू, कॉम्प्युटर चुकत नसतो. तुम्हीच माहिती नीट दिली नसंल."

माणसं हसली. महारुद्र बसल्या जागेवरून म्हणाले, "आता सरकारी नकाशाच सांगायलाय म्हणल्यावर आमी काय बोलावं?"

नकाशा सरकारी नव्हता, संस्थेचा होता. पण एवढंसुद्धा सांगायला प्रसेनजितनं तोंड उघडलं नाही. कस्तुराबाई डोक्यावरचा पदर पुढं ओढून खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी आपलंच खरं होतं हे बघायला म्हणून त्यानं मूळ एक्सेल उघडलं. महारुद्र आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे कस्तुराबाईंचा नवरा, यांचे गट एकाखाली एक होते, आणि विहिरीचा खाना दोघांत मिळून एकच. विहीर एकच आहे, मग दोनदा कशाला लिहायची, असं म्हणून दोन खाने जोडणारा दुसरा कुणी नव्हता, प्रसेनजित स्वतःच होता. सगळ्या सामाईक विहिरी त्यानं तशाच लिहिल्या होत्या, गावच्या रीतीनं थोरल्याचं नाव वर ठेवून. नकाशाच्या सॉफ्टवेअरला जोडलेला खाना कळत नाही. सॉफ्टवेअरनं वरच्या ओळीला विहीर दिली आणि खालची रिकामी सोडली. गावातल्या एकजात सगळ्या धाकट्यांची रानं प्रसेनजितनं कोरडी करून ठेवली होती.

प्रसेनजितचे कान तापले. कस्तुराबाईंचा खाली गेलेला चेहरा डोळ्यांपुढून हलेना. त्यानं सगळे खाने सोडवले, ओळीओळीत विहीर भरली, फाइल पुन्हा इम्पोर्ट केली. पिवळी रानं निळी झाली, पण त्याला स्वतःची शरम वाटायची काही थांबली नाही. साहेबांना काय, 'सुधारित नकाशा' म्हणून सांगता येईल, कुणाला पत्ताही लागणार नाही, असंही मनात येऊन गेलं. त्याची तर आणखीच लाज वाटली.

नवा नकाशा घेऊन तो थेट कस्तुराबाईंच्या रानात गेला. विहिरीवरची त्यांची मोटार कुणीतरी उचकटून बांधावर आणून टाकली होती. कुणी, ते विचारायची गरज नव्हती. त्या शेजारीच पाईप गुंडाळत होत्या.

"काकू, चूक माझीच होती," तो म्हणाला. "तुमचं बरोबर होतं. हे बघा, तुमचं रान निळं केलंय."

कस्तुराबाईंनी नकाशा हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग घडी घालून त्याच्या हातात परत दिला.

"मला खोटी पाडलीस ती समद्या गावापुढं, शाळेत. आन् खरं सांगायला बांधावर आलास व्हय, कुणी न्हाय बघून?"

येताना शाळेपुढं माणसं बसलेली दिसली, म्हणूनच प्रसेनजितनं गाडी बाहेरच्या वाटेनं आणली होती.