मनूकच्या मांडीवरचं रक्त

मिहरान आला तेव्हा रशोकाका अंगणात तुतीखाली उन्हाला बसले होते. मी त्याला चहा दिला आणि काकांच्या कानाशी ओरडले, "काका, हा तुमच्या आईच्या भावाचा नातू. मार्सेलहून आलाय."

"माझ्या आईला भाऊ नव्हता."

"होता! डोंगरातून पळाला म्हणून वाचला. ठाऊक असून उगाच आढेवेढे घेऊ नका."

काकांनी चहात साखरेचा खडा बुडवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच घर फोडायला निघालेय. वय पंच्याऐंशीच्या पुढचं, हज करून आलेले, गावात त्यांच्यासमोर कुणी मोठ्यानं बोलत नाही. मी बोलते. त्यांच्या थोरल्या भावाची मी पोर, लहानपणापासून जिभेला हाड नाही म्हणून मार खाल्लेली.

मिहरानचं काम साधं होतं. त्यांच्या चर्चच्या आवारात एक दगड उभा राहणार होता. फर्मानाच्या साली, म्हणजे तुर्की सरकारच्या हुकुमानं आर्मेनियनांची कत्तल झाली तेव्हा, ज्या मुसलमानांनी आर्मेनियन माणसं वाचवली, त्यांची नावं त्यावर. त्याला माझ्या पणजोबाचं, तेमोचं नाव हवं होतं. माझी आजी नवार्द त्यानंच आणली होती. आमच्या घरात तिचं नाव ऐशे. पोरं मात्र तिला मागून "तलवारीचं उरलंसुरलं" म्हणायची, आणि मी त्यांना दगड मारायची.

"ताई," मिहरान आमच्या कुर्दी भाषेत अडखळत म्हणाला, "सरकार म्हणतं काही घडलंच नाही. बरं, नाही घडलं. मग या माणसानं तिला वाचवलं कुणापासून? एक वाचवणारा दाखवला की मारणारे आपोआप दिसतात."

मला पटलं. इतकं पटलं की आतून भरून आलं. तेमोला गाव लुटारू म्हणतं. त्याची सख्खी बहीण त्याच्या दारात थुंकून गेली होती, पुन्हा आली नाही. आणि त्यानं काय केलं होतं? आजीनं मला केस विंचरताना सांगितलंय, एकदा नाही, पुन्हापुन्हा. शिपाई दवंडी देत फिरत होते: आर्मेनियन लपवील त्याला त्याच्याच दारात फाशी, घराला आग. पण पोरगी पळवून आणली तर कुणी विचारत नव्हतं. लपवणाऱ्याला फाशी, पळवणाऱ्याला शाबासकी, असला तो न्याय. म्हणून तेमो तिला घोड्यावर आडवी टाकून, भर चौकातून, हसत घेऊन आला. "लुटीत मिळाली," म्हणाला. खिंडीपलीकडे तिचा बाप मनूक मरून पडला होता, आणि मनूक तेमोचा कीरीव होता.

सुंतेच्या वेळी मुलाला ज्याच्या मांडीवर धरतात तो कीरीव. त्याच्या मांडीवर पोराचं रक्त सांडलं की दोन घरं एक झाली, मग धर्म कुठलाही असो. तेमोचा मुलगा दरवेश मनूकच्या मांडीवर बसला होता. अशा दोन घरांत सात पिढ्या रोटी चालते, बेटी नाही. कीरीवाची मुलगी ती बहीण.

आणि दरवेश माझा आजोबा.

आजी वयात आली तेव्हा आगानं, गावच्या जमीनदारानं, तिला मागितली. आगाला नाही कोण म्हणणार? लग्न झालेली बाई तेवढी तो सोडत असे. घरात लग्नाचा मुलगा एकच, दरवेश. तेमोनं त्या दिवसापासून मनूकचं नाव टाकलं. "कसला कीरीव? मी कुणाला ओळखत नाही." आजी म्हणायची, "लग्नात दरवेश माझ्याकडे बघेना गं पेरीखान, कालपरवापर्यंत मला बहीण म्हणत होता."

हे सगळं मी मिहरानला सांगितलं. तो रडला. मग म्हणाला, "ताई, मला तिच्या सख्ख्या मुलाच्या तोंडून हवंय."

दुसऱ्या दिवशी त्यानं कॅमेरा लावला. काका पांढरी टोपी घालून बसले. दारात दोन शेजारी येऊन उभे राहिले. आमच्याकडे कुणाला निमंत्रण लागत नाही.

"काका, तेमोनं तुमच्या आईला का वाचवलं?" मिहराननं विचारलं.

काकांनी टोपी सारखी केली.

"मनूक त्यांचा कीरीव होता ना?"

"नव्हता."

मी आतून ओरडले, "काका, अल्लाची भीती बाळगा!"

"तू गप गं!" त्यांनी हात उगारला. "कीरीव होता म्हणू? मग माझी आई माझ्या बापाची कोण? आणि मी कोण? माझी नात मुल्लाच्या घरात दिलीये, उद्या परत पाठवतील तिला."

मिहरान घाईनं म्हणाला, "काका, हे कुठल्याच धर्मग्रंथात नाही. कुराणातही नाही."

"ग्रंथात नसेल. आमच्या रक्तात आहे." मग ते कॅमेऱ्याकडे वळले आणि नमाजाला बोलावं तसं सावकाश बोलले. "माझ्या आजोबानं आर्मेनियन पोर लुटीत आणली. मोठी झाल्यावर मुलाला दिली. नातं काही नव्हतं. लिहून घे."

शेजारी समाधानानं निघून गेले. मी भिंतीला टेकून उभी होते. काकांची टोपी घामानं भिजली होती, आणि मला त्यांची चीडही येत होती आणि दयाही. मेली ही जीभ, एरवी सुरीसारखी चालते, तेव्हा टाळूला चिकटली.

फाटकापर्यंत गेल्यावर मी मिहरानचा हात धरला. "माझा शब्द घे ना. मी तिच्या तोंडून ऐकलंय."

"ताई, पळवणाऱ्यांची सगळीच नातवंडं हेच सांगतात, आमच्या आजोबानं वाचवलं. मी गावोगाव ऐकत आलोय. सख्खा मुलगा नाही म्हणाला, मग मी कुठल्या तोंडानं नाव कोरू?" त्यानं हात हळूच सोडवून घेतला. येताना त्यानं माझ्या हाताचं चुंबन घेतलं होतं.

वसंतात त्यानं पाठवलेला फोटो आला, फोनवर. दोन दगड होते. वाचवणाऱ्यांच्या दगडावर तेमो नव्हता. दुसरा मनूकच्या घराचा. आर्मेनियन अक्षरं मला येत नाहीत, म्हणून मी फोन करून विचारलं. त्यानं एकेक नाव वाचलं, सगळी मेलेली. शेवटच्या ओळीशी थांबला.

"वाच."

"नवार्द, मनूकची मुलगी. तेमोनं पळवून नेली."

मी फोन ठेवला. काका तुतीखालीच होते. मी त्यांच्यासमोर फोन धरला, त्यांनी डोळे बारीक केले.

"काय लिहिलंय?"

"तुम्ही सांगितलंत ते."

"दगडावर?"

"हो."

त्यांनी बोटानं काच पुसली, पुन्हा पाहिलं. ओठ हलले. वाटलं, आता तरी बोलतील, निदान माझ्यापाशी.

"आता पुन्हा कुणी विचारायला येणार नाही ना, पेरीखान?"

"नाही काका. आता कुणी येणार नाही."