नव्वद पावलांची धूळ

मी स्पेनमधली एक जुनी खडीची वाट आहे. डांबरी रस्ता संपतो तिथून वाल्देओर्नोस गावाच्या चर्चपर्यंत, सात किलोमीटर. दोन्ही बाजूंना गहू, मध्येच सूर्यफुलं, आणि माझ्या सर्वांत उंच वळणावर थांबलं की दूरवर सेगोव्हिया शहराच्या मोठ्या चर्चचा मनोरा दिसतो. मित्रांनो, माझा फोटो तुम्ही कुठेतरी पाहिलाही असेल. सायकलवाले तो सारखे काढतात. 'सौम्य वाट' म्हणतात मला. चढ बेताचे, उतार बेताचे, लहान मुलांनाही जमेल अशी. वळणावर बसून ते एकमेकांना हे फोनवरून वाचून दाखवतात आणि मी खाली पडून ऐकते. लहान मुलांनाही जमेल, हे शब्द आले की मला ऐकवत नाही. का, ते सांगते.

मला कुणी कागदावर आखलं नाही. आधी मेंढ्यांच्या खुरांनी गवत झिजलं, मग गावानं मला बांधलं. चर्चची घंटा दोन ठोके वाजून थांबायची, पुन्हा दोन ठोके वाजून थांबायची, की घरटी एक माणूस कुदळ आणि टोपली घेऊन बाहेर पडायचा. या कामाला तिथे आसेन्देरा म्हणतात. मजुरी नाही, आणि सबबही नाही. जो आला नाही त्याची गाव वर्षभर थट्टा करायचं. तेव्हा एक्केचाळीस घरं होती. एक्केचाळीस कुदळींनी खाली नदीतले गोटे बसवले आणि वर टेकडीवरची पांढरी खडी पसरली. दुपारी सगळे माझ्याच कडेला बसून पाव आणि डब्यातले आंबट मासे खायचे आणि वाइनची कातडी पिशवी हातोहात फिरायची.

ती पांढरी खडी मऊ असते. चाकाखाली तिचं पीठ होतं. पण खेचराच्या गाडीनं धूळ उडून उडून कितीशी उडणार? तेव्हा ते कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

माझ्यावरून नवऱ्या आल्या, शवपेट्या गेल्या, पोरं शाळेत धावली. वळणाच्या आधी कुणाची धाप लागते आणि कुणाची नाही, हे मला पाठ होतं. मग गाद्या आणि कपाटं लादलेल्या गाड्या जाऊ लागल्या. सगळ्या एकाच दिशेनं. शाळा बंद झाली. घंटा वाजली की वीस माणसं यायची, मग नऊ, मग तीन. माझ्या मधोमध गवताची पट्टी उगवली. त्या दिवसांत मला वाटायचं, की याहून वाईट काही असणार नाही.

आणि मग जाड टायरच्या सायकली आल्या. आधी दोघं-तिघं, पुढं दर शनिवारी थवेच्या थवे. ते माझ्यावर उतरून माझी खडी हातात घेऊन बघायचे. इतक्या वर्षांत मला कुणी असं हातात घेतलं नव्हतं. त्याच सुमाराला सेगोव्हियाहून कान्देलास आली. नवरा ट्रक चालवायचा आणि शनिवारी घरी यायचा. कडेवर चार महिन्यांची लेक, वेगा. त्यांनी जुनी शाळा झाडून तिथेच बिऱ्हाड थाटलं, दारात चार टेबलं मांडली, आणि सायकलवाल्यांना कॉफी आणि बटाट्याचं जाड ऑम्लेट मिळू लागलं. गावात आता चार घरं झाली: कान्देलासचं, मेंढ्या पाळणाऱ्या दोघा भावांचं, सिन्फोमावशीचं आणि घंटा वाजवणाऱ्या एल्पिदिओकाकांचं. काका-मावशी सख्खे कुणाचेच नव्हते. तिथे म्हाताऱ्या माणसाला सगळे तसंच म्हणतात.

त्या हिवाळ्यात रस्त्यांच्या सरकारी कचेरीतून एक पत्र आलं. रविवारची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या ओसरीत एल्पिदिओकाकांनी ते वाचलं. वाटेवर यंदा डांबर टाकून हवं आहे का? घरटी एक मत.

"चाळीस वर्षं मागतोय आपण," सिन्फोमावशी म्हणाली. "आणि आता देतायत! माझे गुडघे गेल्यावर!"

"तुझे गुडघे डांबरानं परत येणारेत का?" एल्पिदिओकाका म्हणाले.

"तुझी अक्कल तरी येईल."

कान्देलास हसली नाही. ती म्हणाली, "काका, डांबर पडलं तर सायकलवाले यायचे नाहीत. ते खडीसाठीच येतात. ते आले नाहीत तर मी काय खुर्च्यांना ऑम्लेट वाढू? आम्हाला जावंच लागेल मग."

त्या गावात आठ वर्षांत पहिल्यांदा एक बाळ रडलं होतं. चार हात वर झाले, खडीच्या बाजूनं. आईनं हात वर केला म्हणून कडेवरच्या वेगानंही आपली मूठ वर केली.

"लिही रे एल्पिदिओ, पाच मतं," मावशी म्हणाली. "हिचंही धर. सगळ्यांत जास्त दिवस हीच राहणार आहे इथे."

सगळे खूप हसले. आणि मित्रांनो, मलाही आनंद झाला. मी वाचले, असं मला वाटलं. हे मी लपवून ठेवत नाही.

वेगा माझ्यावरच चालायला शिकली. शाळेच्या दारापासून पाण्याच्या हौदापर्यंत नव्वद पावलं होतात, मोठ्या माणसाची. ती एवढंच अंतर दिवसभर ये-जा करायची. तिचं वजन मला जेमतेम कळायचं, पण कळायचं. पडली की दोन्ही तळवे माझ्यावर टेकून उठायची आणि तळवे पांढरे करून आईला दाखवायची.

पुढच्या दोन वर्षांत पाऊस नीट झाला नाही. सायकली वाढल्या, त्यांच्यामागून सामानाच्या गाड्या येऊ लागल्या, आणि माझं पीठ होऊ लागलं. ते उडून टेबलांवर बसायचं, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचं, उशांवरसुद्धा. कान्देलास दिवसातून सहा वेळा खिडक्या पुसायची. एका सकाळी ती पोरीला घेऊन एल्पिदिओकाकांच्या दारात उभी राहिली.

"काका, इथे कान लावा. पाठीला. शिट्टीसारखं वाजतंय ना? का मलाच तसं वाटतंय?"

काकांनी कान लावला आणि पोरीला लगेच डॉक्टरकडे न्यायला लावलं. सेगोव्हियातल्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. हिला धूळ चालणार नाही. कुठलीच, पण ही पांढरी तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली. दोन ठोके, दोन ठोके. एल्पिदिओकाका, मावशी, एक मेंढपाळ आणि कान्देलास हातात झाऱ्या घेऊन आले. कुदळी नाहीत, झाऱ्या. हौदातून भरायच्या आणि नव्वद पावलांवर पाणी मारायचं, सायकली यायच्या आत. रोज.

"शंभर वर्षांत वाटेला आंघोळ घालणारे आपणच पहिले," मेंढपाळ म्हणाला.

"तुलाही घालायला हवी, वासानं कळतंय," मावशी म्हणाली.

ओली झाले की मी गप्प पडून राहते. त्या उन्हाळ्याचे पहिले सहा आठवडे मी नव्वद पावलांपुरती गप्प होते. वेगाची छाती शांत झाली. ती पुन्हा हौदापर्यंत पळू लागली. कान्देलास दारात उभी राहून तिचे श्वास मोजायची. मोजते आहे हे कुणाला कळू नये म्हणून टेबलं पुसत मोजायची. काही सायकलवाले पाणी बघून हळू व्हायचे. एकजण मात्र चिखल लागला म्हणून कुरकुरला आणि मावशीनं झारीतलं उरलेलं पाणी त्याच्या चाकावर ओतलं, "घे, धुऊन दिलं."

ऑगस्टमध्ये गावाची टाकी आटली. पाणी टँकरनं येऊ लागलं. तो टँकर कुठून येणार? माझ्यावरूनच. जितकं पाणी आणायचा, त्याच्या कितीतरी पट धूळ उडवायचा. पिण्यापुरतं पाणी उरलं आणि झाऱ्या भिंतीला टांगल्या गेल्या.

एका दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना, कान्देलास ओरडत बाहेर आली. वेगाच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि ओठांचा रंग गेला होता. रुग्णवाहिका यायला पाऊण तास लागेल, असं फोनवर सांगितलं. मावशी पोरीला मांडीवर घेऊन मागे बसली, कान्देलासनं काचा बंद केल्या आणि गाडी सोडली.

सात किलोमीटर. ते सात किलोमीटर मी कसे सांगू? ती जोरात चालवेल तितकी माझी धूळ जास्त, फटीफटीतून आत. हळू चालवावी तर वेळ हातातून चाललेला. वळणाच्या आधी ती एकदा हळू झाली, मग पुन्हा जोरात. मला निवडता आलं असतं तर मी काय निवडलं असतं, हेही मला ठाऊक नाही. मी फक्त खाली होते आणि उडत होते.

वेगा वाचली. बारा दिवस रुग्णालयात होती. पण डॉक्टरांनी तिला परत नेऊ नका म्हणून सांगितलं.

एल्पिदिओकाकांनी कचेरीला पत्र लिहिलं, की आम्हाला डांबर हवं आहे. उत्तर आलं ते सप्टेंबरमध्ये, कान्देलास सामान न्यायला आली त्याच दिवशी.

"काय म्हणतायत, काका?"

"म्हणतायत की आपली पाळी दुसऱ्या गावाला दिली. आणि ही वाट आता सायकलींच्या नकाशात आहे, तर आहे तशीच ठेवायची." त्यांनी कागदाची घडी केली. "आपणच कळवलं होतं, म्हणतायत. पाच मतं. मी खरंच पाच लिहिली होती गं."

कान्देलास म्हणाली, "त्यातलं पाचवं माझ्या कडेवर होतं, काका."

वेगाला तिनं आणलं नव्हतं. दारापाशी त्या दुपारचे तिचे बूट तसेच पडले होते. कान्देलासनं ते एकमेकांवर आपटले, ओल्या फडक्यानं पुसले, मग आगपेटीची काडी घेऊन तळव्यांच्या खाचा एकेक करून कोरल्या. माझा एक कणही तिनं बरोबर नेला नाही. मला वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं. मीही तेच केलं असतं.

"पाऊस पडला की ये," काका म्हणाले.

"हो काका."

दोघांनाही ते खोटं आहे हे माहीत होतं. गाद्या आणि टेबलं लादलेली गाडी गेली. त्याच दिशेनं.

आता मावशी सेगोव्हियात भाचीकडे असते. मेंढपाळांनी कळप विकला. सायकली अजून येतात, आणि शाळेच्या बंद दाराचा फोटो त्यांना फार आवडतो. रोज सकाळी घंटा वाजते, दोन ठोके, दोन ठोके. एल्पिदिओकाका ती वाजवतात आणि स्वतःच खाली येतात. अर्धी झारी असते. ती नव्वद पावलांना पुरत नाही.

परवा एक सायकलवाली थांबली. हसून म्हणाली, "आजोबा, इथे तर काहीच उगवलेलं नाही!"

"नाही ना," काका म्हणाले आणि पाणी मारत राहिले.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी राहीनच, दगडांना काय होतं? पण कधी कोरड्या वाटेवर कुणी पाणी मारताना दिसलं, तर सायकल हळू करा आणि आत कुणाचा श्वास आहे ते आधी विचारा. आमच्याकडे आता त्याचा उपयोग नाही. तरी हळू करा.