हे आत्ताच ओडेसा म्हणाली

ओहायोतल्या आमच्या इतिहास विभागात काळ्या प्राध्यापक दोघीच, व्हर्नेल आणि मी. बैठकीत आम्ही काही सुचवलं की सगळे ढिम्म. तेच पाच मिनिटांनी एखादा गोरा बोलला की माना डोलायला लागायच्या. म्हणून आम्ही नियम केला होता. असं झालं की दुसरीने लगेच म्हणायचं, "हे आत्ताच ओडेसा म्हणाली," नाहीतर "हे व्हर्नेलने सुचवलंय." स्वतःसाठी मात्र स्वतः बोलायचं नाही. "बोललीस की भांडकुदळ ठरलीस बघ," व्हर्नेल बजावायची. माझ्यासाठी बोलून झालं की ती टेबलावरून पेपरमिंटची गोळी माझ्याकडे सरकवायची. अकरा वर्षं हे चाललं.

मंगळवारी व्हर्नेल गेली. शुक्रवारी विभागात शोकसभा झाली. मी म्हणाले, "तिच्या नावाने एक शिष्यवृत्ती ठेवू या." कुणी कागद चाळले, कुणी कॉफी ओतून घेतली. थोड्या वेळाने विभागप्रमुख व्हिटकॉम्ब घसा खाकरून म्हणाले, "मला एक सुचतंय. व्हर्नेलच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवली तर?"

टाळ्या पडल्या. एकीने तर डोळेसुद्धा टिपले.

सवयीने मी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर या लोकांनी आपले कोट टाकले होते. माझं डोकंच फिरलं. मी ताडकन उठले. "हे आत्ताच मी म्हणाले होते."

व्हिटकॉम्बनी दुःखी चेहऱ्याने मान हलवली. "ओडेसा, निदान आज तरी नको."

मी खाली बसले. आमच्या नियमाला दोघी लागायच्या.