उधव्याचा फुगा

"चिकू फार पिकलेले घेतलेस. पोचेपर्यंत लगदा होईल," नारू माझ्या कानाशी पुटपुटला.

टेम्पोत पुढे आम्ही तिघं. गाडी चालवणारा जतीन, मध्ये मी, खिडकीशी नारू, माझा नवरा. पिशवी माझ्या मांडीवर. आजाऱ्याला भेटायला निघालेल्या माणसाला पिशवीशिवाय धीर होत नाही.

मागे फुगा घडी घालून ठेवलेला. जतीन आर्किटेक्ट, त्याला तंबू म्हटलेलं खपत नसे. ना बांबू, ना खांब, नुसत्या हवेवर उभं राहणारं फिरतं नाटकघर हा त्याचा प्रयोग. कापड मी शिवलं. आत शंभर माणसं बाहुल्यांचा खेळ बघायची, बाहेर पंखा सारखी हवा भरत राहायचा. पंखा उधवा गावचा पांड्या सांभाळायचा, फुगा खुंट्यांना धरून ठेवणारे दोर नारू बांधायचा. होडी विकल्यावर दोन वर्षं ओट्यावर बसून राहिलेला माणूस. त्याला आता लोक मास्तर म्हणत होते. मी मनातल्या मनात समुद्राला नारळ वाहून मोकळी झाले होते.

गेल्या महिन्यात उधव्याच्या खेळात वारा सुटला. फुगा उचलला गेला, एक हिसका बसला आणि लोखंडी खुंटी उपटून आली ती पांड्याच्या आईच्या, भिकीच्या मांडीवर. हाड दोन ठिकाणी मोडलं. मुलगा काय काम करतो ते बघायला म्हातारी पहिल्यांदाच आली होती.

तेव्हापासून आम्ही सगळे वाऱ्याबद्दल बोलत होतो. किती जोराचा होता, कसा अचानक फिरला, गुजरातेकडून आला की दर्याकडून. दोराचं नाव कुणी काढत नव्हतं. जतीनही नाही, आणि त्याला डोळे आहेत.

पण पुढच्या गावच्या पंचायतीला वारा पुरेना. चूक कुणाची ते लिहून आणा, मग परवानगी, असं त्यांनी कळवलं. तलासरी मागे पडल्यावर जतीननं हळूच सांगितलं, 'पंखा माझ्या हातून बंद पडला' असं पांड्यानं लिहून दिलं की मिटलं, पंख्यावर दुसरा माणूस ठेवू. नारू खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

उधव्याला पोचलो तर भिकी खाटेवर होती. पाय फळीला बांधलेला. पांड्यानं आम्हाला चहा दिला. जतीन फार गोड बोलला, मग कागद पुढे केला. पांड्यानं तो दोनदा वाचला. पंखा बंद नव्हता पडला, एवढंच म्हणाला, तेही आम्हालाच विचारल्यासारखं. दुसरं काम बघू तुझ्यासाठी, जतीन म्हणाला. कुठलं ते बोलला नाही. पांड्यानं पेन घेतलं.

भिकीनं आम्हीच आणलेले चिकू आमच्यापुढे सरकवले. "मास्तर, खा ना. गोड हायेत."

नारू चिकू सोलू लागला. साल एकसंध उतरत होती. त्याचे हात कामात असले की देखणे दिसतात. मला ते बघवेना.

"पंखा चालू होता," मी म्हणाले.

पांड्याचं पेन थांबलं. नारूनं मान वर केली नाही.

"दोर ह्यांनी बांधले होते. होडीला बांधतात तसे, भरतीला उठायला जागा ठेवून, सैल. मी सकाळी शिवण तपासताना हात लावून पाहिले होते. आणि बोलले नाही."