मुका राहून घेतलेला सूड

मित्रांनो, मी एक जुना नादकाटा. दोन पायांचा, पोलादी, कडांना गंजलेला. राग मात्र अजून नव्यासारखा चकचकीत आहे, बरं का!

गुडघ्यावर आपटलं की मी गुंजतो. पाऊणशे वर्षांपूर्वी क्षयाच्या रोग्यांना नुकती स्ट्रेप्टोमायसिनची सुई मिळू लागली होती. त्या सुईने छाती बरी होई, पण एखाद्याचे कान कायमचे जात. म्हणून दर आठवड्याला मला रोग्याच्या कानाशी धरायचं, आणि आवाज कमी येऊ लागला की सुई थांबवायची. एवढ्यासाठी कारखान्यात मला तापवून, घासून सुरात आणलं होतं. केवढा दिमाख होता माझा!

आणि नशिबी आले वासुदेवराव कंपाउंडर! वडनेरच्या वाटेवरच्या आमच्या दवाखान्यात ते माझ्या टोकांनी पाठ खाजवत. माझ्या! तपासणी म्हणजे मला लांबून नुसतं दाखवायचं आणि मान डोलावत विचारायचं, “येते ना ऐकू?” साहेबांना नाही कसं म्हणायचं? शिवाय नाही म्हटलं तर सुई बंद होईल, हा धाक. सगळे रोगी म्हणत, “येते जी.”

अल्लीपूरच्या पंचफुलाबाईही तेच म्हणत. त्यांचे कान विझत चालले होते. मला कळत होतं, पण सांगणार कसा? तेव्हाच ठरवलं, वासुदेवरावांना सोडायचं नाही.

एक दिवस पंचफुलाबाईंसोबत त्यांची मुलगी सुलोचना आली. आठवीतली पोर, घरी आईला हाका मारून मारून तिचा घसा बसलेला. वासुदेवराव माझ्याने पाठ खाजवताना तिने दारातूनच पाहिले. नेमक्या त्याच दिवशी नागपूरहून डॉक्टर लीनाबाई पाहणीला आल्या होत्या. वासुदेवरावांनी ऐटीत मला आपटलं आणि मान डोलावली.

“येते जी,” पंचफुलाबाई म्हणाल्या.

“पाहा बाई, कान कसे शाबूत आहेत!” वासुदेवराव लीनाबाईंना म्हणाले.

“मले द्या जी तो काटा,” सुलोचना म्हणाली.

“अगं ए, खेळणं आहे का ते?”

“तुम्ही तर त्यानं पाठ खाजवता जी!”

लीनाबाईंना हसू आवरेना. त्यांनी मला तिच्या हातात दिलं.

तिने मला आपटलंच नाही! तसंच आईच्या कानाशी धरलं आणि हुबेहूब वासुदेवरावांसारखी मान डोलावली. जन्मात मी इतक्या आनंदाने गप्प बसलो नव्हतो.

“येते जी,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “साफ येते.”

लीनाबाईंचं हसू मावळलं.

“काय ऐकू आलं माह्या मायले?” सुलोचना वासुदेवरावांवर गरजली. “सांगा ना! आता काऊन चूप?”

वासुदेवरावांचा चेहरा चुन्यासारखा झाला. मी मनसोक्त पाहून घेतला.

मग लीनाबाईंनी पंचफुलाबाईंना खुणेने समजावलं, की ऐकू आलं तरच हात वर करा; त्यांना डोळे मिटायला लावले आणि मागून मला वाजवलं. उजव्या कानाशी नेलं, तेव्हा जरा वेळाने त्यांचा हात वर गेला. सुई त्याच दिवशी थांबली आणि तिच्याऐवजी दुसऱ्या औषधाची गोळी सुरू झाली. उजवा कान वाचला.

तेव्हापासून वासुदेवरावांना प्रत्येक रोग्याला डोळे मिटायला लावून, लीनाबाईंनी नेमलेल्या नर्ससमोर तपासावं लागे. आपटून आपटून त्यांचा गुडघा काळानिळा पडला. मी मुद्दाम हाडापर्यंत झिणझिणत असे!

सूड गोड लागतो, खोटं कशाला सांगू? पण डाव्या कानाशी मी कितीही गुंजलो, तरी पंचफुलाबाईंचा हात काही वर गेला नाही. त्या कानासाठी मी वासुदेवरावांना आजही माफ केलेलं नाही.

मित्रांनो, कोणी तुमचे कान तपासायला आलं, तर त्याच्या मानेकडे पाहू नका. डोळे मिटा. आणि आवाज आला नाही, तर साहेब असो की डॉक्टर, भीडभाड न ठेवता ओरडून सांगा, “नाई येत!”