साळूबाईच्या फळीवरचं बोंडलं

मी एक जुनं पितळेचं बोंडलं आहे, मित्रांनो, आणि साळूबाईवर माझा राग आहे. कोळवण गावात येईल-जाईल त्याला ती मला दाखवते आणि सांगते, "ह्या बोंडल्यानं माजी नात जगवली!" खोटं! साफ खोटं! न केलेल्या कामाची शाबासकी घ्यायला मी काही लोचट नाही.

पुण्याच्या तांबटानं मला ठोकून घडवलं. वाटीएवढं पोट, पुढं बारीक चोच, तान्ह्या बाळाच्या तोंडात थेंब थेंब सोडायला. साळूबाईच्या रुखवतात मला सगळ्यांत पुढं मांडलं होतं. पुढं ती मला चिंचेनं घासून आरसा करायची. पण चोचीत आतून काडी? कधी फिरवली नाही.

बाळ जन्मलं की पहिले तीन दिवस आईचा चीक 'घाण' म्हणून सांडायचा आणि माझ्यातून गुळाचं पाणी पाजायचं, ही गावाची रीत. साळूबाईच्या दोन नातवांना तसंच पाजलं. दोघंही महिन्याच्या आत गेले. ते मला विसरता येत नाही.

गेल्या साली, एकोणीसशे सत्तावन्नच्या दिवाळीआधी, तिची सून लीला तिसऱ्यांदा बाळंत झाली. पोर ओंजळीत मावेल एवढीशी. साळूबाईनं मला पुढं केलं. सुईण तुळजाबाईनं माझ्या चोचीत काडी घातली, तर काळी बुरशी बाहेर आली. तिनं मला पालथं घातलं.

"साळे, सकाळी काय खाल्लंस गं?"

"खरवस. गाय व्याली न्हवं का."

"आन् वासराला चीक पाजलास?"

"म्हंजे काय! न्हाईतर वासरू उठंल का?"

"मग तुज्या नातीनं काय घोडं मारलंय?"

साळूबाई उसळली. "आक्का, मागल्या दोन येळंला तूच तर गुळपाणी पाजलंस!"

तुळजाबाईनं मला उचलून फळीवर ठेवलं.

"व्हय. चुकले मी. वरच्या वाडीत फुलाबाईकडं बोंडलं न्हाई का गूळ न्हाई. नाळ कापली की पोर पदराखाली. सहाच्या सहा जगलीत, समदी माज्याच हातची. हे डोळ्यांनी बघितल्यावर म्या आता चीक सांडू देणार न्हाई."

तिनं पोर लीलाच्या छातीशी लावली. मी आपलं फळीवर कोरडं. पोर चुटूचुटू प्यायची आणि माझा ऊर भरून यायचा. मित्रांनो, कोरडं राहून मिळाला एवढा मान मला रुखवतातही मिळाला नव्हता!

तुम्हीही भांडं घासाल ते आतून घासा. आणि रीत आहे म्हणून काही पाजण्याआधी, त्यानं कोण जगलं ते बघा.

परवा पोरीचं उष्टावण झालं. आंबेमोहराचा मऊ भात तिच्या ओठांना लावला. साळूबाईनं मला हळदकुंकू वाहिलं आणि भरल्या घरात पुन्हा तेच सुरू केलं, "ह्या बोंडल्यानंच..."

तुळजाबाईनं तिला तिथंच अडवलं.

"साळे, पोर तुज्या सुनेच्या चिकावर जगली. बोंडल्यानं त्याचं काम चोख केलं, फळीवर गप बसलं. आता तूबी जरा तसंच बस."